कुत्र्यानंतरचं कडवं

आमच्या घरातलं वर्ष एकतीस डिसेंबरला संपत नाही. ते नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, माझ्या बहिणीच्या, विबेकेच्या, जेवणघरात संपतं. हेरिंग माशांच्या फेऱ्या होतात, पोटात स्नॅप्सची कडक दारू पुरेशी जाते, मग विबेके चमच्याने पेला वाजवते आणि सगळे आपल्या ताटाशेजारची लाल फितीची गुंडाळी सोडतात. आत गाणं असतं. सरत्या वर्षात घरात कोणाचं काय झालं त्याचं, माणशी एक कडवं, सगळ्यांना पाठ असलेल्या चालीवर. ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं, शेवटी तीनदा हुर्रे करायचं, की वर्षाचा निकाल लागला.

ते गाणं मी लिहितो. मी कवी नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. मी आयुष्यभर गावातल्या ग्रंथालयात होतो, त्यामुळे मला शब्द जुळवता येत असणार असा माझ्या मेव्हण्याचा, प्रेबेनचा, समज आहे. मी बेकरीत असतो तर केक माझ्याकडे आला असता. मी नाही म्हणत नाही, कारण त्या टेबलाशी मला जागा आहे ती या गाण्यामुळे. मी एकटा राहतो. नाताळात कोणाच्या तरी घरी बोलावणं असणं ही माझ्या वयात लहान गोष्ट नाही, मग ते घर कसं का असेना.

घर कसं आहे ते विबेकेच्या फोनवरूनच कळतं. डिसेंबर लागला की ती मजकूर सांगते आणि मी लिहून घेतो.

"पहिलं, स्वयंपाकघर," ती म्हणाली. "नवा ओटा काळ्या दगडाचा आहे. दगड आला पाहिजे."

"दगडाला यमक सापडायला हवं."

"ते तुझं काम, अक्सेल. दुसरं, प्रेबेन. नवा गुडघा, आणि नौका मंडळाचा अध्यक्ष झाला ते. गुडघा विनोदी चालेल. अध्यक्षपद विनोदी नको. मग आस्गर. अर्धी मॅरेथॉन पळाला."

"तुझ्या लेकाचा घटस्फोटही झाला."

"त्यात गाण्यासारखं काय आहे? लिही की आस्गर आता हलका होऊन पळतो. कळेल ज्याला कळायचं त्याला. आणि होल्गरला पूर्ण कडवं दे. फार सोसलं त्याने यंदा."

होल्गर हा त्यांचा कुत्रा. त्याच्या कंबरेची शस्त्रक्रिया झाली होती.

"आणि मारेन?" मी विचारलं.

पलीकडे भांडी वाजली. "मारेनने लीक लावले ना यंदा. बागेत. छान आले होते. ते घाल." लीक म्हणजे कांद्याच्या जातीची, जाड पातीची एक भाजी.

"विबेके, मार्चमध्ये..."

"ते मार्चमधलं नको. लोक जेवायला येतात, अक्सेल."

ते मार्चमधलं म्हणजे मारेनची मुलगी. मारेन ही विबेकेची मुलगी, माझी भाची. तिला दिवस पूर्ण भरून मुलगी झाली आणि ती मृत जन्मली. मारेनने आणि तिच्या नवऱ्याने, त्रोल्सने, तिचं नाव सिग्ने ठेवलं आणि चर्चच्या मागे, खाडीकडच्या उतारावर तिला पुरलं. विबेके तिथे आली होती, पण कोटाची बटणं न काढता, कारण घरी फरशीवाला यायचा होता. प्रेबेन आला नाही. त्या दिवशी नौका मंडळाची वार्षिक सभा होती आणि अध्यक्षपद त्याच सभेत मिळायचं होतं. मिळालं. नंतर त्या घरात मुलीचा उल्लेख झाला तर तो फक्त 'ते मार्चमधलं' असा, पाण्याचा नळ फुटल्यासारखा. माझ्या बहिणीला दुःखाचं वावडं नाही. तिला पसाऱ्याचं वावडं आहे, आणि दुःख पसरतं.

पुढच्या रविवारी मारेन माझ्याकडे आली. मी कॉफी केली. ती माझ्या पुस्तकांच्या ढिगातून एक खुर्ची मोकळी करून बसली.

"मी लीक लावले होते हे तुला कळलं असेलच, मामा," ती म्हणाली. "आईने गावभर सांगितलंय. चार होते. दोन गोगलगायींनी खाल्ले."

"गाण्यात यायचेत ते."

"गोगलगायी?"

"लीक."

ती हसली, पण फार वेळ नाही. "एक मागू का? तिचं नाव घाल. कडवं नको, एक ओळ पुरे. त्या घरात कोणी अजून तोंडाने ते नाव घेतलेलं नाही. आईने नाही, बाबाने नाही. मी घेतलं की आई खिडकी उघडते, खोलीत धूर झाल्यासारखी."

"माझं ऐकणार आहेत का ते?"

"ऐकायचं नाहीये त्यांना. म्हणायचंय. तू लिहितोस ते सगळे म्हणतात, आधी वाचतसुद्धा नाहीत. बाबा तर नाहीच." तिने कप खाली ठेवला. "एकदा त्यांच्या तोंडून आलं तर मी त्या घरात जाऊ शकेन. नाही आलं तर हे शेवटचं. मी आणि त्रोल्सने ठरवलंय. तुझ्यावर ओझं टाकत नाही, फक्त सांगते."

ओझं ती टाकून गेली होती. शूर माणसाने तिथेच होकार दिला असता. मी म्हणालो, बघतो.

बघितलं ते असं. चाल विबेकेने ठरवलेली असते आणि दरवर्षी तीच असते, कारण ती सगळ्यांना येते आणि तिच्यावर पाय हलतात. नाचरी चाल. शेवटच्या दोन ओळी पुन्हा म्हणायच्या. त्या चालीवर कुत्र्याची कंबर बसते, गुडघा बसतो, काळा दगडसुद्धा मी बसवला. मेलेलं मूल बसेना. जे लिहीन ते एकतर गोड व्हायचं नाहीतर फाजील. रात्र रात्र नाही म्हणत, पण बऱ्याच सकाळी त्यात गेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची चांगली पुस्तकं कपाटात लावल्याचा एक तोटा असा, की आपलं वाईट लिखाण लगेच ओळखू येतं. शेवटी जे उरलं ते इतकंच:

*मार्चमधल्या गारठ्यात होती आली एक पोर,*
*पाहिलं नाही तिने काही, ना खाडी, ना मोहोर.*
*सिग्ने तिचं नाव होतं, आमच्यातलीच ती एक,*
*सिग्ने तिचं नाव होतं, या घराचीच ती लेक.*

पहिली ओळ लंगडत होती, ते मला दिसत होतं. दुरुस्त करता येईना.

विबेकेला मी लीकचं गाणं पाठवलं. तिने दगडाच्या कडव्यातला एक विनोद काढायला लावला आणि बाकी पसंत केलं. मग मी दोन्ही गाण्यांच्या प्रती काढल्या, दोन्हींच्या गुंडाळ्या केल्या, दोन्हींना लाल फिती बांधल्या आणि दोन्ही गठ्ठे वेगवेगळ्या पिशव्यांत घालून नाताळच्या दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसलो. यालाच माझा निर्णय म्हणायचं असेल तर म्हणा. लीकचं गाणं वाटलं असतं तर पुढच्या वर्षी मारेन नसती, मी असतो. दुसरं वाटलं असतं तर उलट. माझ्या जागेची मला किती किंमत वाटते हे त्या बसमध्ये कळलं, आणि ते कळणं काही सुखाचं नव्हतं.

दार प्रेबेनने उघडलं. "ये, कवी," तो म्हणाला. तो मला वर्षभर अक्सेल म्हणतो आणि त्या दिवशी कवी. "गुडघा बघ." त्याने दारातच गुडघा वाकवून दाखवला. मग सगळ्या पाहुण्यांना दाखवलेला ओटा मला दाखवला. मी त्यावर हात ठेवला. थंड होता. ओट्याबद्दल आणखी काय बोलायचं असतं मला ठाऊक नाही.

जेवणघरात आस्गर आपल्या नव्या मैत्रिणीला आपल्या नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ दाखवत होता. ती ते आधी पाहिलेलं असल्यासारखी बघत होती. चुलत भावंडं होती, शेजारचं जोडपं होतं. मारेन आणि त्रोल्स भिंतीजवळ उभे होते, बस चुकलेल्या माणसांसारखे. मारेनने माझ्याकडे पाहिलं.

"गुंडाळ्या ठेव ताटांशी," विबेके मला म्हणाली. "आणि प्रेबेन, होल्गरला आत आण. त्याच्या कडव्याच्या वेळी तो खोलीत हवा. नाहीतर वाईट दिसतं."

प्रेबेन कुत्र्याला आणायला गेला. होल्गर लंगडत आला, मारेनच्या पायांशी गेला, आणि विबेकेने त्याला तिथून उठवून स्वतःच्या खुर्चीजवळ घातलेल्या गादीवर बसवलं. गादी नवी होती. तिच्यावर त्याचं नाव शिवलेलं होतं.

मी दुसरी पिशवी उघडली. धैर्य वगैरे नव्हतं ते. किळस आली होती, आणि किळस आली की माझ्यासारख्या माणसाचे हात आपोआप चालतात. सगळ्या ताटांशी गुंडाळ्या ठेवल्या, लीकची पिशवी कोटाखाली लपवली आणि आपल्या जागी जाऊन बसलो. हेरिंगची चव लागली नाही.

विबेकेने पेला वाजवला. फिती सुटल्या. प्रेबेनने चष्मा चढवला, डावा हात हवेत उचलला आणि मंडळाच्या सभेत सुरुवात करतात तशी सुरुवात केली. दगड झाला. टाळ्या पडल्या. गुडघा झाला, प्रेबेनने बसल्या बसल्या तो वर केला. आस्गर हलका होऊन पळाला आणि त्याची मैत्रीण ताटाकडे बघत राहिली. होल्गरचं कडवं तर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा विबेकेचे डोळे भरून आले. ते खरे अश्रू होते, त्याबद्दल मला शंका नाही.

मग पुढचं कडवं आलं.

पहिल्या ओळीला सगळे होते. दुसऱ्या ओळीत विबेके थांबली, मग शेजारीण, मग चुलत भावंडं एकामागून एक. तिसऱ्या ओळीला आस्गर थांबला. प्रेबेनला अलीकडे कमी ऐकू येतं, शिवाय त्याचा आवाज मोठा, त्यामुळे बाकीचे गप्प झाल्याचं त्याला कळलं नाही. तो हात हवेत हलवत, पाय आपटत, खुशीत गात राहिला. सिग्ने तिचं नाव होतं, आमच्यातलीच ती एक. त्याच्याबरोबर त्रोल्स आणि मारेन गात होते. चालीप्रमाणे शेवटच्या ओळी पुन्हा घेतल्या तेव्हा त्रोल्सचा आवाज गेला आणि उरले बाप आणि लेक. तिचा आवाज लहान होता, पण प्रेबेनच्या खालून ऐकू येत होता.

कडवं संपलं. प्रेबेनने सवयीने आजूबाजूला पाहिलं, हशा अपेक्षित असल्यासारखं.

"सिग्ने कोण?" तो म्हणाला. "आस्गरची ही का?"

आस्गरची मैत्रीण म्हणाली, "मी लुईसा."

मग मारेन म्हणाली, "माझी मुलगी, बाबा. तुझी नात."

"कॉफी कोणाकोणाला?" विबेकेने विचारलं.

"मला कोणी नाव सांगितलं नाही," प्रेबेन म्हणाला.

"सांगितलं होतं. फोनवर, त्याच दिवशी. तू हं, हं म्हणालास, आणि मग म्हणालास की आईला देतो."

त्याने ते नाकारलं नाही. तो कागद जवळ धरून बसला आणि ओळींखालून बोट फिरवत वाचू लागला. इतकी वर्षं मी त्या माणसासाठी लिहितो आहे, पण माझं काही वाचताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, आता हा रडेल, आणि खरं सांगतो, मला ते नको होतं. मी त्याला इतक्या वर्षांत मनातून जिथे ठेवलं होतं तिथून तो हलायला नको होता.

तो रडला नाही. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे तू केलंस?"

"हो."

"वाईट झालंय. पहिली ओळ बसत नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"असलं या चालीवर पळवायचं नसतं. हळू घ्यायला हवं." त्याने पुन्हा हात उचलला. "परत घेऊ."

"प्रेबेन, पुरे," विबेके म्हणाली. "जेवण चाललंय."

"मी म्हणालो परत. हळू."

विबेके उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. पाण्याचा आवाज पूर्ण कडवंभर येत राहिला. प्रेबेनने सुरुवात केली, इतकी हळू की ती नाचरी चाल ओळखू येईना, आणि हळूहळू बाकीचे आले. आस्गरसुद्धा. प्रेबेनचा सूर नेहमीसारखाच वाईट होता आणि तो नेहमीसारखाच हुकूम सोडल्यासारखा गात होता. पण नावापाशी आला तेव्हा त्याने कागदाकडे न बघता मारेनकडे पाहिलं. शेवटच्या ओळी दोनदा झाल्या. हुर्रे कोणी केलं नाही. कॉफी आली, केक आला, प्रेबेन शेजाऱ्याला पुन्हा गुडघ्याचं सांगू लागला. माणूस एका कडव्यापुरता बदलला. त्याहून जास्त मी त्याच्याकडून मागत नाही, आणि त्याच्याकडे असेल असंही मला वाटत नाही.

मारेन आणि त्रोल्स अंधार पडेपर्यंत बसले. निघताना मारेनने वडिलांना विचारलं, "ईस्टरला येऊ का?" तो म्हणाला, "ये की. विचारतेस काय?" आणि ती येणार आहे, हे तिने मला बसस्टॉपपर्यंत गाडीने सोडताना सांगितलं.

मला विबेकेने दारात गाठलं होतं. तिने माझा मफलर नीट केला, लहानपणी करायची तसा.

"पुढच्या वर्षी गाणं आस्गर करेल," ती म्हणाली. "त्याच्या फोनवर होतं आता ते. माहिती घातली की मिनिटात येतं."

"बरं," मी म्हणालो.

"म्हणजे तुला उगाच त्रास नको. थंडीत बसने यायचं, या वयात."

"बरं," मी पुन्हा म्हणालो. तिच्या मागे होल्गर आपल्या गादीवर झोपला होता.

पहिली ओळ नंतर जमली. 'होती' काढून टाकलं आणि शब्द पुढेमागे केले, एवढंच करायचं होतं. हळू म्हटली तरी बसते, भरभर म्हटली तरी बसते. ती मी मारेनला कळवलेली नाही. त्यांनी जी म्हटली ती लंगडी होती आणि त्यांना तीच पाठ असणार.