टँटी एग्नीताची काठी

“काठीवर पिवळं कापड असलं तर खुशाल डुंबा. पांढरी चादर चढली तर डोंगरामागून वादळी सर येतेय, मुकाट्यानं बोटीत बसा. आणि काठी रिकामी दिसली, तर समुद्राला काही झालेलं नाही, मला झालंय. हातातलं टाकून वर ये.”

टँटी एग्नीतानं हे बजावलं तेव्हा वर्लीन एकोणीस वर्षांची होती, नुकतीच कॉलेजात गेलेली आणि म्हणून सर्वज्ञ. “तुला कसली धाड भरतेय, टँटी? तू आम्हाला सगळ्यांना पोचवून मग जाशील,” म्हणत तिनं ते हसण्यावारी नेलं होतं.

त्याला दहा वर्षं झाली. आता चार वर्षांच्या अमोयाला घेऊन ती सुट्टीला कॅरियाकू बेटावर, माहेरी आली होती. टँटी म्हणजे तिच्या आईची मावशी. वय एक्क्याऐंशी, लेस्टेर गावाच्या वर डोंगरावर एकटीच राहायची. नवरा मासेमारीला जायचा तेव्हापासून तिच्या अंगणातली ती काठी गावच्या बोटींना हवामान सांगत आली होती. खालच्या बेटांवरून डोंगरापलीकडचं आभाळ दिसत नाही, टँटीला दिसतं.

सुट्टीचे पहिले तीन दिवस वर्लीननं लेकीला घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी टँटीचा शेजारी गिडियन आपली बोट घेऊन आला. वर्लीननं पोरीला तरंगायचं जाकीट चढवलं, टोपी घातली आणि आणखी एक टोपी पिशवीत टाकली.

“नांगरालाच बांध ना तिला,” गिडियन म्हणाला. “एकदाची काळजी मिटेल.”

“तुम्ही बोट नीट चालवा, अंकल.”

आधी ते मबूया बेटाला वळसा घालून आले. तिथल्या खडकावर पेलिकन ओळीनं बसले होते. “हे आजोबा कोणाची वाट बघतायत?” अमोयानं विचारलं. “जेवणाची. माझ्यासारखीच,” गिडियन म्हणाला. मग सँडी बेट आलं: वाळूची एक लांबट चोच, चार माड, आणि पाणी इतकं नितळ की बोटीची सावली तळाशी त्यांच्यासोबत चालत होती. गिडियननं चूल मांडली. तळलेले बेक, म्हणजे पुरीसारखे फुगलेले पाव, डब्यात होतेच, मासा तेवढा भाजायचा होता. आणि अमोया, आईचा हात मानेखाली घेऊन, पहिल्यांदाच पाण्यावर उताणी तरंगली.

“आई, मला कोण धरतंय?”

“मी.”

“नाही. समुद्र धरतोय.”

वर्लीनला हसू आलं. कित्येक दिवसांनी तिचे खांदे सैल पडले. तरी डोळ्यांची फेरी चालूच होती: लेक, टोपी, डोंगर. लेक, टोपी, डोंगर. डोंगरावर पिवळा ठिपका फडफडत होता.

पुढच्या फेरीत तो नव्हता.

“अंकल, काठी रिकामी आहे.”

गिडियननं मासा उलटला. “धुवायला काढलं असेल. पांढरं नाही ना चढलं? मग झालं तर.”

“रिकामी काठी म्हणजे टँटीला काहीतरी झालंय. तिनंच सांगितलं होतं मला.”

“चाळीस वर्षं बघतोय मी ती काठी. मला नाही कधी सांगितलं.”

वर्लीननं फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. “पावाच्या डब्यात ठेवते ती फोन,” गिडियन म्हणाला. “आणि तू टोपी उडाली तरी घाबरतेस, पोरी. मासा तरी होऊ दे.”

तिचं मन डळमळलं. उगाचच असेल तर? लेक आत्ता कुठे पाण्याशी बोलायला लागली होती. पण दहा वर्षांपूर्वी आपणच हसलो होतो, हे तिला आठवलं.

“मासा राहू दे. चला.”

अमोयानं धक्क्यापर्यंत भोकाड पसरलं होतं. वर्लीन तिला कडेवर घेऊन चढण चढली, मागे गिडियन अर्धा कच्चा मासा हातात धरून धापा टाकत.

टँटी काठीच्या बुंध्याशी बसली होती. ओल्या पायरीवरून पाय घसरला होता, घोटा पपईएवढा सुजला होता. हाताला लागली ती काठीची दोरी. तिनं ती सोडून कापड खाली घेतलं होतं. मांडीवर पिवळं कापड, आणि कापडात तुरीच्या शेंगा. सोलणं चालूच होतं.

“मला वाटलं, मासा खाऊनच येताय,” ती म्हणाली.

“वर्लीननं खाऊ दिला असता तर,” गिडियन पुटपुटला. मग टोपी काढून खाली बसला. “टँटी, ही तिसरी खूण मला का नाही सांगितलीस?”

“तू पुरुष. तुम्हाला फक्त हवामान कळतं.”

डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं. पट्टी बांधून टँटी ओसरीत बसली, आणि उरलेला मासा तिच्याच चुलीवर शिजला. दुसऱ्या दिवशी पिवळं कापड अमोयानं चढवलं आणि तासाभरात ती पुन्हा समुद्राच्या हातात होती. वर्लीनचा हात या वेळी वीतभर लांब होता.

सुट्टी संपली. वर्लीन आता सेंट जॉर्जेस शहरात असते, बोटीनं काही तासांवर. गिडियन रोज काठी बघतो, पण त्याची नजर आता पूर्वीसारखी नाही. म्हणून त्या बेटांवर जाणाऱ्या प्रत्येकाला वर्लीन सांगते, तसं तुम्हालाही सांगतेय: पाण्यात मजेत डुंबा, पण मधूनमधून डोंगराकडे बघा. काठी रिकामी दिसली, तर मासा तसाच सोडून वर जा. आमची टँटी कशी आहे, तेवढं बघून याल ना?