थोरल्या सरूबाईचं पान

दीपमालाला एका गोष्टीचा भारी राग यायचा. लोक वेबसाइट म्हणजे धान्याची कोठी समजतात. गहू इथं, बाजरी तिथं, संपलं! अहो, एकच पान चार फांद्यांवर लटकू शकतं, हे पटवता पटवता तिच्या नाकी नऊ यायचे.

वैजापूरकडचे तात्यासाहेब आज शहरातल्या गारखेड्यात तिच्या घरी आले होते. त्यांच्या गावाची वेबसाइट तिनं बनवून तयार ठेवली होती, त्यांनी हो म्हटलं की जगाला दिसणार. सोबत बहीण सरूबाई, डोळे दाखवायला आणलेली. नवऱ्यानं टाकल्यापासून चाळीस वर्षं ती भावाकडंच होती.

"वस्तीवरून शोधा, धंद्यावरून शोधा, भावकीवरून शोधा," दीपमाला सांगत होती, "माणूस तोच सापडतो."

सरूबाई पुढं सरकली. "माझं नाव कुठं येतंय गं पोरी?"

शोधलं. कुठंच नव्हतं.

"लेकींची नावं वंशावळीत नसत्यात," तात्या म्हणाले. "ती सासरच्या झाडात."

"तिथून तर कवाच खोडलं त्यांनी. मग मी काय आभाळातनं पडले?" सरूबाई हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. नावांच्या याद्या दीपमालानं तात्यांकडूनच घेतल्या होत्या, आणि त्यांत लेकी गाळल्यात हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"आत्या, तुम्ही काम काय करायच्या?"

"काम कसलं? गावाची बाळंतपणं केली."

दीपमालानं धंद्यांत 'सुईण' ही नवी फांदी काढली आणि तिच्यावर सरूबाईचं पान लावलं. "कोणाकोणाची केली? सांगा, त्यांची पानं इथंही जोडते."

म्हातारी सुटली की! खालच्या गल्लीतला मोहियोद्दीन, त्याची बहीण गुलशन, वस्तीवरचा सम्यक, मनकर्णाबाईची जुळी... कुणाचंच पान आपल्या जागेवरून हललं नाही, तरी सगळी सरूबाईखालीही येऊन बसली. कोण कुठल्या भावकीचा, कुठल्या गल्लीचा, हे त्या यादीत कुणी विचारतच नव्हतं.

"अन् ह्याचा शिवम," ती भावाकडं बोट करून म्हणाली. "पायाळू. दवाखाना लांब, गाडी नाय. दोन जीव व्हते माझ्या हातात."

तात्यांनी पडद्याकडं बघितलं. लेकाचं पान त्यांच्या खाली होतं, तसंच तिच्याही खाली. त्यांनी नाही म्हटलं असतं तर ती फांदी छाटावीच लागली असती. दीपमालानं मनातल्या मनात भांडायची तयारी केली.

"भावकीत घे तिला," तात्या म्हणाले. "माझ्या वर. थोरली हाय ती."

"आडनाव कुठलं लावू?"

"आमच्या बापाचं. दुसऱ्या कुणाचं?"

सरूबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. "मुडद्या, एवढं म्हणायला म्हातारा व्हायची वाट बघितलीस व्हय रं?"