आरशातली उघडी तोंडं

दातांच्या डॉक्टरांची खुर्ची तोंड उघडण्यासाठी असते. आमच्या मंडळात मात्र तिच्यात बसणाऱ्याने तोंड मिटून घ्यायचं. रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा आम्ही पाच हौशी फोटोवाले तिथे जमतो. ज्याचा फोटो तो खुर्चीत, फोटो समोरच्या फळीवर, आणि फोटोवर डॉक्टरांचा डोळे दिपवणारा दिवा. बाकीचे चौघे बोलतात. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत खुर्चीतून हूं की चूं नाही.

त्या रविवारी खुर्चीत माझी धाकटी नणंद होती. ती शाळेची व्हॅन चालवते. तिला मंडळात मीच आणलं होतं. येताना वाटेत तिने मला बजावलं, "वहिनी, तीन वेळा मला नुसतं 'छान' मिळालंय. आज चौथ्यांदा मिळालं ना, तर कॅमेरा दादाला परत. पोरांनी कागदावर रेघोट्या मारून दाखवल्या तर मीही छानच म्हणते. निदान तू तरी बोल काहीतरी."

बोलणं हा माझा प्रांत नव्हे. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे नमुने बोलत नाहीत आणि मीही बोलत नाही. मंडळात तर 'हो, बरोबर' याच्यापुढे माझी गाडी क्वचितच जाते.

फोटो नव्या पुलाचा होता. आदल्या रविवारी वाहतूक अडवून क्रेनने पहिला गर्डर, म्हणजे पुलाची लांबलचक तुळई, चढवला, तेव्हा रांगेत अडकलेल्या नणंदेने चालकाच्या खिडकीतून तो टिपला होता. निळंभोर आकाश, मधोमध लटकलेला गर्डर.

"छान!" बाई म्हणाल्या. बाई निवृत्त शिक्षिका. जन्मभर लाल शाई वापरून झाल्यामुळे आता कुणाचं मन मोडत नाहीत.

"आकाश काय छान आलंय," वायरमन म्हणाला. "क्रेनसुद्धा छान."

"मलाही आवडला बुवा," डॉक्टर म्हणाले.

नणंदेने दाढ काढायला आल्यासारखे खुर्चीचे हात आवळले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उठून फोटोजवळ गेले. चूक म्हणावी असं काही सापडेना, पण नजर गर्डरवर ठरतही नव्हती. दोनदा वर नेली, दोनदा घसरून खाली उजव्या कोपऱ्यात आली. तिथे व्हॅनचा बाजूचा आरसा आला होता आणि त्यात काहीतरी रंगीबेरंगी दिसत होतं.

"डॉक्टर, तुमचा भिंगाचा चष्मा द्या."

चष्मा मी घाईत उलटा चढवला, मग सुलटा केला. आणि माझ्याच कानांना अनोळखी वाटेल अशा आवाजात ओरडले, "अगं आई गं!"

आरशात मागची सगळी रांग होती. माणसं गाड्यांतून उतरली होती. एकाने हेल्मेट पोटाशी धरलेलं, एकीच्या काखेत कुत्रा, एक जण ट्रकच्या टपावर. सगळ्यांच्या माना वर आणि सगळ्यांची तोंडं उघडी! कुत्र्याचंही!

डॉक्टरांनी चष्मा जवळजवळ हिसकावलाच. "अहो, हा टपावरचा बघा! याची अक्कलदाढ दिसतेय!"

"काही थापा मारता काय? मला द्या!"

"रांगेत या, वायरमन, आधी मी," बाई म्हणाल्या.

मी दोन पुठ्ठे घेतले आणि आरसा सोडून सगळा फोटो झाकला. खोलीत एकदम गलका झाला. वायरमनच तेवढा थांबला. "पण वहिनी, एवढासा तुकडा मोठा केला तर नुसते ठिपके दिसतील."

त्याचं बरोबर होतं. आरसा फोटोच्या तिसाव्या हिश्शाएवढाही नव्हता. नणंदेचा चेहरा पडला.

"हा फोटो छान नाहीये," मी तिला म्हणाले. "आरसा कोपऱ्यात कापला गेलाय, त्यावर धूळ आहे. पण चांगला फोटो इथे आहे, या आरशात. तो तू अजून काढलेलाच नाहीस."

ती ताडकन उठली. दिवा कपाळावर आदळला, त्याचीही तिला शुद्ध नव्हती. "आज! दुसरा गर्डर आज चढवतायत! अकराला!"

"खुर्चीत बोलायचं नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, घड्याळ बघा!"

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी चपला शोधायला धावल्या.

शाळकरी पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही पुलापाशी पोचलो तेव्हा वाहतूक नुकतीच अडवली होती. नणंदेने बाहीने आरसा लख्ख पुसला. "उतरा सगळे! मागे गाड्यांत जाऊन उभे राहा. आणि माझ्याकडे कुणीही बघायचं नाही!"

क्रेन घरघरली. गर्डर जमिनीवरून सुटला, हळूच फिरला, वर निघाला. मागे कुणीतरी शिट्टी मारली. काही वेळाने व्हॅनच्या खिडकीतून एक हात मला बोलवत जोरजोरात हलू लागला.

"बोल, वहिनी. छान म्हणालीस तर घरी चालत जायचं."

मी खिडकीशी जाऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले. बाईंचा हात छातीवर, वायरमन कुणाच्या तरी ट्रकच्या पायरीवर, डॉक्टरांचा 'आ' इतका मोठा की त्यांनी स्वतःलाच खुर्चीत बसवावं. आणि मधोमध एकच तोंड मिटलेलं, माझं.

"या बाईने फोटो बिघडवलाय," मी म्हणाले. "सगळे वर बघतायत आणि ही एकटी तुझ्याकडे बघतेय."

तिने पडदा जवळ नेला, आणि खो खो हसत सुटली.

"मग उभी काय राहिलीस? पळ मागे! वर बघ आणि तोंड उघड, गर्डर अजून हवेत आहे. आणि दादाला सांग, कॅमेरा विसर म्हणावं!"

मी धावत मागे गेले, मान वर केली आणि चांगला मोठा 'आ' केला.