लाल चिंधीची दोरी

धुरपताबाईच्या पदराच्या टोकाला पूर्वी नेहमी एक गाठ असायची. गाठीत अफू. नातू गेला त्या दिवशी तिने ती गाठ सोडली, ती पुन्हा कधी मारली नाही.

वाशीमच्या कापसाच्या जिनात बायांची तान्ही पोरं तेव्हा अशीच निजत. मोहरीएवढी गोळी चाटवली की भोंग्यापासून भोंग्यापर्यंत पोर गप्प. धुरपताबाई आणि तिची सून हिरीबाई एकाच ओळीत उभ्या राहून यंत्राला कापूस चारत. त्या सकाळी हिरीबाईने पोराला गोळी चाटवली. सासूला वाटलं, घाईत सून विसरली. म्हणून तिनेही चाटवली. एकमेकींना विचारायचं दोघींनाही सुचलं नाही. दुपारी पोराला उचललं तर मान लोंबली.

हिरीबाईने सासूला बोल लावला नाही. तिने बोलणंच सोडलं.

धुरपताबाईने मग देवापुढे नेम धरला. सकाळी तुळशीला पाणी घालायचं, आणि जिनातलं शेवटचं पोर आईच्या कडेवर चढेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. पण उपासाने पोरं थोडीच जगणार? म्हणून ती फुलचंद मिस्त्रीकडे गेली.

"मिस्तरी, यंत्राच्या आवाजात पोराचं रडनं आयकूच येत नाई. बायांच्या डोयाले दिसंल असं काई कर."

"आता रडनं दिसाले पायजे म्हंतं?" फुलचंद हसला. "म्हतारे, तू तं माह्याहून मोठी मिस्तरी निंगाली!"

हसला, पण त्याने केलं. बाहेर निंबाखाली बल्ली बांधून झोळ्या टांगल्या. भिंतीला भोकं पाडून कप्प्यांवरून दोऱ्या आत नेल्या. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर तिच्या तिच्या रंगाची चिंधी. पोर रडलं की बाहेरून दोरी ओढायची. आत चिंधी नाचायची.

मॅनेजर उत्तमराव कडाडले, "हे जीन हाये का बारशाचा मांडव?"

"सायब, पोरापायी मायचा जीव भितीपल्याड असते," धुरपताबाई हळूच म्हणाली. "ध्यान नसलं की बोट रुळात जाते. एक महिना पाहा. मी सोता पोरायपाशी बसतो."

महिनाभरात एकीचंही बोट चेमटलं नाही. अफू आणणं बायांनी आपणहून सोडलं. चिंधी हलली की हसू उसळे. "रामीबाई, तुही पिवळी नाचून राह्यली व! जाय, तुह्या सायबानं बलावलं!"

हिरीबाईच्या समोरची दोरी तेवढी बिनचिंधीची होती.

पुढच्या वर्षी हिरीबाईला मुलगी झाली. सव्वा महिन्याने ती कामावर आली. तिने झोळीत पोर ठेवलं, आत जाऊन आपल्या हाताने लाल चिंधी बांधली आणि परत येऊन सासूपुढे उभी राहिली.

"मामीजी, काई चाटवू नोका." पोर गेल्यापासूनचे पहिले शब्द.

धुरपताबाईने पदराचं टोक पुढे धरलं. "पाह्य माय, गाठच नाई."

दुपारच्या आत मुलगी भुकेने रडली. धुरपताबाईने दोरी ओढली. बाकीच्या बाया हात पुसत, बोलत यायच्या. हिरीबाई धावत आली. केसांत रुई, चेहरा पांढराफटक. मुलगी समोर टाहो फोडत होती, तरी तिने आधी बोट नेलं ते नाकाशी. श्वास लागला तशी तिने मुलीला पदराखाली घेतलं.

"चिंधी दोनदा हालली तं भूक समज, बाई. धावाची गरज नाई," धुरपताबाईने सांगितलं. हिरीबाईने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी चिंधी दोनदा हलली. हिरीबाई तशीच धावत आली.

तेव्हापासून मुलगी रडू लागली की धुरपताबाई आधी तिला झोळीतून काढी, दाराकडे तोंड करून उंच धरी, येणारीला लांबूनच ते रडतं तोंड दिसावं म्हणून. मगच पायाने दोरी ओढी.

तरीही हिरीबाईचं बोट नाकाशी जाईच. आणि ते मागे येईतो धुरपताबाई आपलाही श्वास धरून बसे.