खडूखालचा बाण

मित्रांनो, हे सांगायचंच नाही असं मी जवळजवळ ठरवलं होतं. टायरचं कोण ऐकतं? पण दुसरा हिवाळा आला, मी भिंतीकडे तोंड करून पडलोय, आणि पोटातलं काही केल्या जिरत नाही. म्हणून सांगतो.

मी एका लाल स्पोर्ट्स कारचा टायर. आता जुना. मागचा डावा. आमच्या गाडीची मागची चाकं रुंद, पुढची अरुंद. माझ्या कुशीवर एक बाण आहे. मी कुठल्या दिशेनं फिरायचं ते तो सांगतो. तसा फिरलो की माझ्या खाचा रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकतात. उलटा फिरलो की तेच पाणी पोटाखाली ओढतात. कारखान्यातून निघताना एवढी एकच अक्कल बरोबर दिली होती.

जपानमधल्या नागानोच्या डोंगरात शिगेओंनी आम्हाला घरी आणलं. सफरचंदाची बाग, वय साठीचं, आणि आयुष्यभराची हौस म्हणजे ही गाडी. पहिल्या वर्षी दर रविवारी ते मला ब्रशनं घासायचे. शेजारी विचारायचा, "शिगेओसान, टायरलापण आंघोळ?"

"तुझ्यापेक्षा जास्त वेळा!"

मी फुगून जायचो. पण आभाळ भरून आलं की गाडी आत. पाऊस मी कधी पाहिलाच नाही.

तिकडे बर्फाआधी घरोघर नेहमीचे टायर काढून बर्फातले चढवतात. काढलेल्या टायरवर तेलकट खडूनं लिहून ठेवायचं, वसंतात कोण कुठे बसणार. शिगेओ चाळीस वर्षं बागेतल्या टेम्पोचं असंच करत आलेले. मागचा डावा काढला की पुढे उजवीकडे. म्हणजे सगळे सारखे झिजतात. हाताला सवयच ती. माझ्यावरही ठसठशीत लिहिलं, "पुढे उजवा." नेमकं बाणावर.

एप्रिलमध्ये मला पुढे चढवलं. बसतोय कुठला! पत्र्याला घासायला लागलो. त्यांची बायको चिएको दारात रानभाजी निवडत बसलेली. हसू आवरेना तिला.

"अहो, गाडीनं थोरल्या भावाचे बूट घातलेत का?"

"गप गं. कळतं मला."

"टायरवाल्याला विचारा की एकदा."

"चाळीस वर्षं टायर बदलतोय मी. तो काय शिकवणार मला?"

मग त्यांनी 'पुढे' खोडून 'मागे' लिहिलं. खडूचा आणखी एक थर. आणि मागची दोन चाकं नुसती डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे केली. खरं तर आम्हाला रिमवरून उतरवून, पालटून पुन्हा चढवायला हवं होतं. माझा बाण आता मागे बघत होता. माझ्या जोडीदाराचाही.

त्या उन्हाळ्यात हौस ओसरली होती. ब्रश खिळ्यालाच लटकलेला. कोणी मला घासलं नाही, म्हणून खडू गेला नाही.

सप्टेंबरात एका दुपारी धो धो पाऊस. चिएको खालच्या गावात दवाखान्यात अडकलेली, शिगेओ टेम्पो घेऊन बागेत. त्यांची मुलगी मिझुहो लाल गाडी काढून आईला आणायला निघाली. हळू चालवत होती, मित्रांनो. काटा चाळीसच्या वर गेला नाही. वळणावर पाणी साचलेलं. ते बाहेर फेकायला गेलो आणि माझ्याच खाली घेतलं. रस्ता सुटला. जोडीदार ओरडला, "धर रे!" काय धरणार? गाडी गर्रकन फिरून कठड्यावर. मिझुहोचं मनगट मोडलं.

"बाबा, मी चाळीसवर होते."

"चाळीसवर गाडी गरगरत नाही."

"शपथ घेऊन सांगते!"

"एवढी खाज होती तर शर्यतीत जायचंस."

गावानं तेच उचललं. बसथांब्यावर, दुकानात, लोक तिचं मनगट बघून हसायचे. हात बरा झाल्यावर पोरीनं नागोयाला नोकरी धरली आणि गेली.

नोव्हेंबरात शिगेओंनी आम्हाला उतरवलं. रॉकेलच्या फडक्यानं माझ्यावरचा खडू पुसायला घेतला. अर्धा पुसला आणि हात थांबला. बाण. त्यांनी तो बोटानं चाचपला. मग जोडीदाराचा पाहिला. उकिडवे बसूनच फडक्याची घडी घातली. मला वाटलं, आता उठतील, पोरीला फोन करतील.

उठले. आणि आम्हाला शेडमध्ये बाण भिंतीकडे करून ठेवलं.

नव्या वर्षाला तिचाच फोन आला. ते शेडमध्येच होते.

"बाबा, तुम्हाला अजून वाटतं मी खोटं बोलले?"

शिगेओ माझ्याकडे बघत होते. "जाऊ दे गं. झालं ते झालं. नव्या वर्षाची तांदळाची मोची खाल्लीस का?"

पुढे लाल गाडी विकली, नवे टायर घालून. आम्हाला फेकायचा त्यांना धीर होत नाही. फिरवायचाही होत नाही.

मित्रांनो, चाक हलवण्याआधी त्याच्यावर काय कोरलंय ते वाचा. आणि चूक आपली निघाली तर बोला. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

परवा चिएको सांगत होती, वसंतात मिझुहो येतेय, शेड आवरायला मदत करणार आहे. ते ऐकून जोडीदार शेजारून पुटपुटला, "तिला कळेल का रे?"

माझ्या कुशीवर 'उजवा' हा शब्द अजून तसाच आहे, आणि शेजारी उलटा बाण. दोन्ही एकत्र वाचले की चूक कोणाची ते कळतं. मी जोडीदाराला शब्द दिलाय. तिचा हात लागला की मी घरंगळून मधोमध आडवा होईन, बाण वर करून. मग मला कोणी कितीही ओढलं तरी पालथा होणार नाही.