लॉरेन आजीची ओटी

एअर प्युरिफायर घुर्र करून आपला आपणच सुरू झाला, तशी उर्वीची नजर त्याच्या दिव्याकडे गेली. दिवा लाल. म्हणजे डोंगरावरच्या वणव्याचा धूर पुन्हा फ्रीमाँटपर्यंत उतरला होता. आतल्या खोलीत सहा वर्षांची अनिका दोनदा खोकली आणि कूस बदलून झोपली.

उर्वी राज्याच्या विधानसभेत निवडून आलेली. मुलीचा डबा भरता भरता भाषणं घोकणारी. तिच्या विधेयकात दोनच गोष्टी होत्या. सरकारी जंगलात ओलावा असताना लहान लहान आगी लावून वाळका पालापाचोळा जाळून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा भडकत नाही. आणि तो कुठे, कधी जाळायचा याचा शेवटचा शब्द तिथल्या मूळ अमेरिकन जमातीचा. ही विद्या त्यांचीच. एके काळी सरकारनं अशा आगी लावण्यालाच गुन्हा ठरवलं होतं.

काल समितीच्या अध्यक्षांचा निरोप आला. पहिली गोष्ट मंजूर, पैशासकट. दुसरी काढा, जमातीला नुसतं सल्लागार ठेवा. दुपारपर्यंत कळवा, नाहीतर विधेयक यंदा बासनात.

सौमित्रनं, तिच्या नवऱ्यानं, मुलीच्या खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं. "घेऊन टाक ना यार. अर्धं तर अर्धं. हिची छाती ऐकतेयस ना?"

ऐकत होतीच ती. म्हणून तर तिनं लॉरेनला फोन लावताना मनाशी ठरवलं होतं, की तिची समजूत घालायची.

लॉरेन त्याच जमातीच्या कौन्सिलवरची, सत्तरीची. गेल्या वर्षी जेवायला आली, तेव्हा निघताना उर्वीनं तिची ओटी भरली होती. तांदूळ, नारळ, खण. नवरा आहे की नाही, ते विचारायचं राहूनच गेलं. तो केव्हाच वारला होता. लॉरेननं शर्टाचा घोळ पुढे धरला आणि हे कोण कुणाला देतं, ते खोदून खोदून विचारलं. घरची बाई, दारी आलेल्या बाईला, उर्वीनं सांगितलं होतं.

लॉरेननं सगळं ऐकून घेतलं. आधी अनिकाच्या खोकल्याची चौकशी केली, काढ्याचं एक पानही सुचवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी घर तुझं होतं, म्हणून ओटी तू भरलीस. आता आमच्याच घरात आम्हाला पाहुणं करतेस का गं, पोरी?"

उर्वीनं फोन ठेवला.

तिनं अध्यक्षांना कळवलं. दुसरी गोष्ट राहील, नाहीतर पहिलीही नको. ते हळहळले, पण त्यांनी ऐकलं नाही; विधेयक यंदा बासनात गेलं. सौमित्र अनिकाचा इन्हेलर हलवून बघत राहिला.

अनिका डोळे चोळत आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली. बाहेरचा झोपाळा पिवळट धुरात अर्धाच दिसत होता.

"आई, लॉरेन आजीला हवं होतं तेच केलंस ना तू?"

"हो गं."

"मग नेक्स्ट समर मला बाहेर खेळता येईल?"