अजून न्हाई, वन्सं

दापोडीच्या रेल्वेलगतच्या गल्लीत सकाळचे साडेसहा म्हणजे नळाची वेळ. बायकांची हमरीतुमरी, पहिल्या शिफ्टला निघालेल्या सायकलींच्या घंटा, कुणाच्या तरी स्टोव्हचा भपका, आणि या सगळ्या गोंधळाच्या कडेला, रेल्वेच्या भिंतीलगत खुंटांवर आडव्या बसवलेल्या एका फळीवर कस्तुरा. फळी सोळा फूट लांब, छातीएवढी उंच, आणि रुंदी म्हणाल तर हाताच्या पंजाहून जास्त नाही. त्या फळीवर ही चौदा वर्षांची पोर हातांवर उभी राही, मागे वाकून गिरकी घेई आणि पुन्हा पायांवर येई. दोन वर्षांपूर्वी गल्ली पोट धरधरून हसली होती. ज्योतीरामनं दारात डोंबाऱ्याचा खेळ मांडला, म्हणाली होती. १९७९ सालच्या त्या मार्गशीर्षात मात्र कस्तुरा फळीवर चढली की नळावरची भांडणंसुद्धा घटकाभर थांबत.

त्या फळीची हकीकत सांगायलाच हवी. कस्तुराचा बाप ज्योतीराम पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होता. तिथे हंगेरी नावाच्या देशातून एक मशीन आलं. मशीनचे खोके ज्योतीरामने फोडले, लाकूड रीतसर गेटपास काढून घरी आणलं आणि शाळेतल्या व्यायामाच्या शिक्षिका सुमनताई यांनी दिलेल्या मापाबरहुकूम लेकीला जिम्नॅस्टिक्सचा बीम करून दिला. खोक्यात मशीनभोवती तिकडची जुनी सचित्र मासिकं कोंबलेली होती. त्यातल्या एकात चार पानं भरून एका मुलीचे फोटो निघाले. मजकुरातलं एक अक्षर कुणाला कळेना. सुमनताईंनी नाव तेवढं लावलं, इलोना. आकडे मात्र सगळ्यांनाच कळत होते. सात वर्षांची इलोना सतरंजीवर कोलांटी घेताना, अकराव्या वर्षी गळ्यात पहिलं पदक, तेराव्या वर्षी पाय प्लास्टरमध्ये, आणि पंधराव्या वर्षी कुठल्याशा परक्या देशातल्या भरगच्च सभागृहात, बीमवर, एका पायावर.

त्या फोटोंवरून सुमनताई आणि कस्तुरा एकेक उडी जुळवत बसत. कस्तुराच्या आईचं, गिरजाबाईचं लक्ष मात्र एकाच फोटोकडे जाई. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई त्यात कोपऱ्यात उभी होती. ती इलोनाची आई असणार, असं गिरजाबाईने आपलं ठरवून टाकलं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ही बाई तेवढी हसत नव्हती. गिरजाबाईला ते फार पटत असे.

कारण गिरजाबाईच्या जिवालाही घोर होता. कस्तुराचं लग्न ती पाळण्यात असतानाच ठरलं होतं. बारशाच्या दिवशी ज्योतीरामची थोरली बहीण तानुबाई हिने पाळण्यात नारळ ठेवला, "भावाची लेक माझ्या भैरूला" म्हणाली, आणि ज्योतीरामने मान डोलावली. नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. आईबाप पटकीत गेल्यावर याच बहिणीने त्याला लहानाचा मोठा केला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेली तानुबाई भावाला कडेवर घेऊनच सासरी नांदायला गेली होती. तिचा भैरू आता चोवीस वर्षांचा, चाकणकडच्या गावात शेती बघत होता. ठराव असा, की पोर शहाणी झाली की त्याच वर्षी अक्षता. शहाणी म्हणजे अकलेने नव्हे, हे वाचकांना सांगायला नको. पहिला विटाळ आला की आमच्याकडे पोर शहाणी होते, आणि त्या दिवसापासून तिला कुणी काही विचारत नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी तानुबाईचा निरोप येई, "झाली का शहाणी?" आणि गिरजाबाईचं उत्तर ठरलेलं, "अजून न्हाई, वन्सं."

श्रावणापर्यंत हे उत्तर खरं होतं. श्रावणातल्या एका दुपारी कस्तुरा फळीवरून उतरली ती रडतच. गिरजाबाईने तिला मोरीत नेलं, पडदा ओढला, जुन्या लुगड्याच्या घड्या कशा घ्यायच्या ते दाखवलं.

"तुझ्या आप्पांना सांगायचं न्हाई. सुमनताईंना न्हाई. कुनाला म्हंजी कुनालाच न्हाई," ती म्हणाली.

"पन मग बाजूला बसावं लागंल न्हवं, आई?"

"न्हाई बसायचं."

हे बोलताना गिरजाबाईची जीभ अडखळली. स्वतः ती बाराव्या वर्षापासून दर महिन्याला चार दिवस दाराबाहेर कांबळ्यावर बसत आली होती. चुकून माठाला हात लागला तर तिने उपास केले होते. पण एका खोलीच्या घरात बाजूला बसलेली पोर लपत नाही. लपवायची तर बसवायचीच नाही. तेव्हा कस्तुरा त्या दिवसांतही चुलीपाशी वावरू लागली. घड्या गिरजाबाई धुई आणि स्वतःच्या लुगड्याखाली वाळत घाली. देवापुढे हात जोडले की ती आधी माफी मागे आणि मग बाकीचं. असे चार महिने गेले.

राज्याच्या संघाची निवड पुण्यात होती, रविवारी. आणि शुक्रवारी दुपारी डोक्यावर पावट्याच्या शेंगांचं गाठोडं घेऊन तानुबाई दारात हजर झाली. कस्तुराचा तो दुसरा दिवस होता.

"हिकडं ये गं कस्तुरा. वळ बरं." तानुबाईने पोरीला बाजारातल्या कालवडीसारखं चहूबाजूंनी न्याहाळलं. "गिरजे, म्हैन्याला किती दिस शाळा बुडवती ही?"

"एकबी न्हाई, वन्सं. ना फळी सोडती, ना शाळा."

"हं," तानुबाई म्हणाली. त्या हुंकारात काय होतं ते गिरजाबाईला कळेना, आणि तिचा जीव टांगणीला लागला.

दिवेलागण झाली. ज्योतीराम शिफ्टवरून येऊन बसला होता. गिरजाबाई देव्हाऱ्याकडे वळली तशी तानुबाई भिंतीला टेकून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गिरजे. आज दिवा कस्तुरा लावंल. खंडोबाचा टाकबी पुसंल आन भंडारा लावंल."

असं म्हणताना ती कस्तुराकडे बघत नव्हती. तिची नजर गिरजाबाईच्या तोंडावर होती.

आता बघा, विटाळशीचा हात टाकाला लागला तर कुळाचं वाटोळं होतं, हे गिरजाबाई नुसतं ऐकून नव्हती, ती ते मानत होती. थांब म्हणावं तर गुपित फुटलं, माघात लग्न. न थांबवावं तर देवाशी दगा. कस्तुराने एकदाच आईकडे पाहिलं.

"लाव की गं," गिरजाबाईच म्हणाली. "आत्या सांगत्यात न्हवं?"

कस्तुराने हात धुतले. वात पुढे ओढली. पहिली काडी विझली. दुसरी पेटली आणि दिवा लागला. तिने टाक उचलला, पुसला, त्याला भंडारा लावला आणि नमस्कार केला. इकडे गिरजाबाईने आमटीचं पातेलं उगाचच खाली उतरवलं आणि पुन्हा वर ठेवलं. बाहेरून गाडी धडधडत गेली. फडताळातली भांडी रोजच्यासारखी वाजली आणि गप्प झाली.

आपण सुटलो, असं गिरजाबाईला वाटलं. ते सुख दोन मिनिटंही टिकलं नाही.

"म्हंजी खरंच अजून न्हाई," तानुबाई सावकाश म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा संशय गेला होता आणि तिथे काळजी आली होती, अगदी खरी काळजी. "पंधरावं लागंल आता हिला. म्या बाराव्या वर्साला शहाणी झाल्ते. जोत्या, तुला कळतंय का रं? ह्या उड्यांनी पोरीची पिशवी सरकलीया. वांझ निपजली तर काय करतोस?"

ज्योतीरामने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आमच्या गावात एक सुईण हाय. ती तपासती, पोट चोळून पिशवी जागंवर आनती. उद्या सकाळच्या यष्टीनं मी हिला घिऊन जाते. ती फळी फोडून बंबात घाला. आन माघात अक्षता. लगीन झालं की येतंय समदं."

"रविवारी तिची निवड हाय, अक्का," ज्योतीराम पुटपुटला. "लई मेहनत केलीया पोरीनं."

"आन म्या? तुला कडंवर घिऊन सासरी गेले, तवा मला कुनी इचारलं व्हतं, तुझ्याच्यानं हुईल का म्हनून?" तानुबाईचा आवाज भरून आला. ज्योतीरामची मान खाली गेली.

"घिऊन जा, अक्का," तो म्हणाला.

जेवणं झाल्यावर भांडी घासताना कस्तुरा आईच्या कानाशी लागली. "आई, तू म्हनलीस हे सगळ्याच बायकांना येतं. मला आलंय. मग आत्या मला वांझ का म्हनती?"

जे खोटं चार महिने पोरीच्या आड उभं राहिलं होतं, तेच आता पोरीच्या अंगावर आलं होतं. गप्प राहावं तर सुइणीचे हात आणि जन्माचा डाग. खरं सांगावं तर तेच सासर, तोच भैरू. दोन्ही वाटा चाकणलाच जात होत्या. तिसरं काही बोलता येतं, असं तिने आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

सकाळी नळावर गर्दी असताना तानुबाई निघाली. एका हातात कस्तुराच्या कपड्यांचं बोचकं, दुसऱ्या हातात कस्तुराचं मनगट. गिरजाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"सर बाजूला. गाडी जाईल."

"वन्सं, पोर शहाणी झालीया. श्रावनातच झाली."

तानुबाईचा हात सुटला. "आन काल?"

"काल तिचा दुसरा दिस व्हता."

"देवा रं! टाकाला हात लावला तिनं! दिवा लावला!"

"मी लावू दिला. पाप असंल तर माझं." गिरजाबाई उंबऱ्यातून हलली नाही. "घर उभं हाय, वन्सं. तुमी धडधाकट हाय. समद्यांना झोप लागली. मग मी ही इतकी वर्सं दाराबाहेर कांबळ्यावर बसले, ती कशापायी?"

नळावर कुणाची तरी घागर भरून वाहत होती आणि ती बाजूला घ्यायचं कुणाला सुचत नव्हतं.

तानुबाई सावरली. "झाली न्हवं शहाणी? मग शबुद पाळा. माघापत्तुरबी थांबायचं न्हाई आता."

"न्हाई."

"काय न्हाई?"

"पोर दिनार न्हाई. सुइणीचा हात तिच्या पोटाला लागू दिनार न्हाई. अठरा झाल्यावरबी तिला इचारल्याबिगर तिचं लगीन हुनार न्हाई."

"जोत्या! ऐकतोस न्हवं बायकू काय बोलती ती?"

ज्योतीराम सायकल धरून उभा होता. गिरजाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "अवं, शबुद तुमी दिलासा. ही तवा बारा दिसांची व्हती. हिनं कुठं मान डोलावली व्हती?"

इथे ज्योतीरामच्या शूरपणाची गोष्ट सांगता आली असती तर मला बरं वाटलं असतं. तो ना बायकोला हो म्हणाला, ना बहिणीला. त्याने लेकीचं बोचकं बहिणीच्या हातातून काढून आत ठेवलं, बहिणीला सायकलवर बसवलं आणि तो तिला स्टँडवर घेऊन गेला. गल्लीच्या तोंडाशी तानुबाईने मागे वळून सांगितलं, "आजपास्नं मला भाऊ न्हाई." ती रडत होती आणि ते रडणं लटकं नव्हतं. तिला दुष्ट ठरवून मोकळं व्हायची मलाही घाई नाही. जे तिच्या वाट्याला आलं, तेच ती भाचीला प्रेमाने वाढत होती.

रविवारी सुमनताईंबरोबर गिरजाबाई जन्मात पहिल्यांदा पोरीचा खेळ बघायला पुण्याला गेली. कस्तुरा बीमवरून एकदा पडली. गिरजाबाईला वाटलं, संपलं. पण पोर उठली, पुन्हा चढली आणि उरलेलं सगळं न चुकता करून उतरली. संघात सहा जणी घ्यायच्या होत्या. कस्तुरा पाचवी आली.

संध्याकाळी मायलेकी घरी आल्या तेव्हा बहिणीला पोचवायला गेलेला ज्योतीराम अजून गावाहून परतला नव्हता. कस्तुरा भिंतीला टेकल्या टेकल्या झोपली. तेवढ्यात मागच्या चाळीतली मंजुळाबाई येऊन उंबऱ्याशी बसली. तिची लेक भागी तेराव्या वर्षी आत्याच्याच घरी दिलेली होती. पंधराव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणात, ती बाळासकट गेली. शनिवारी नळावर मंजुळाबाईसुद्धा होती.

गिरजाबाईने चहा पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"गिरजाबाई, तुमी त्यास्नी न्हाई म्हनलात?"

"म्हनले."

"तोंडावर?"

"व्हय, तोंडावर."

"मग काय झालं?"

गिरजाबाईने कप खाली ठेवला. "रडल्या. बोल लावला. आन गेल्या निघून."

मंजुळाबाई उंबऱ्यावरून पुढे सरकली.

"एवढंच?" तिने विचारलं.

मग तिने पदर तोंडात कोंबला. गिरजाबाईने तिला जवळ ओढलं. नाही म्हटल्यावर एवढंच होतं, हे मंजुळाबाईला वेळेवर कुणी सांगितलं नव्हतं. वाचकहो, तुम्हाला आता ते माहीत आहे.